भावना आवरायच्या की बोलून दाखवायच्या?

पाणवठा (धागालेखक)

संयमाचा विषय निघाला की आपल्याकडे लोकमान्य टिळकांचे उदाहरण हमखास दिले जाते. १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. त्या वेळी, गावची होळी पेटली की प्रत्येक घरच्या गोवऱ्या तिच्यात जायच्याच, अशा अर्थाचे काही ते बोलले आणि पुन्हा कामाला बसले, ही आठवण मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. त्याच टिळकांनी १९१२ साली मंडालेच्या तुरुंगातून लिहिलेले एक पत्र मात्र या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार मिळाल्यावर त्यांनी भाच्याला ते लिहिले. संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, परंतु या आघाताने आपण हादरलो आहोत, अशी कबुली त्यात आहे. आणि अखेरच्या वेळी तिच्याजवळ असता आले नाही, हे सर्वांत जास्त सलते, असेही त्यात लिहिलेले आहे. चारचौघांत जे बोलले गेले नाही, ते एका विश्वासाच्या माणसाला पत्रातून सांगितले गेले. मला या दोन प्रसंगांत विसंगती दिसत नाही.

आज आपल्यावर दोन्ही बाजूंनी उपदेशांचा मारा होतो आहे. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, 'घरचे घरात राहू दे, चारचौघांत बोभाटा नको, पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?' दुसरीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, व्याख्याने आणि मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात की मनात काहीही साठवू नका, वाटेल ते वाटेल तेव्हा बोलून टाका, नाहीतर आजारी पडाल. हे दोन्ही सल्ले देणारे एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, असे माझे ठाम मत आहे. किती बोलावे, यापेक्षा कोणापाशी बोलावे, कोणत्या रूपात बोलावे आणि ऐकणाऱ्याने त्या बोलण्याचे काय करावे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

मानसशास्त्रातले काही प्रयोग इथे उपयोगी पडतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांना आधी मुद्दाम चिडवण्यात आले, मग त्यांतल्या काहींना राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. राग 'बाहेर काढल्यावर' तो कमी व्हायला हवा होता, पण ही मुले काहीही न करता नुसत्या बसून राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त रागावलेली आणि जास्त आक्रमक निघाली. म्हणजे नुसता उद्रेक हा इलाज नव्हे. दुसऱ्या बाजूला, एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की एक क्लेशदायक चित्रफीत पाहून झाल्यावर दोन अनोळखी स्त्रिया त्याविषयी बोलत असताना त्यांपैकी एकीने भावना चेहऱ्यावर येऊ न देण्याचा प्रयत्न केला, तर समोरच्या स्त्रीचासुद्धा रक्तदाब वाढतो. दाबून ठेवणारा एकटाच किंमत मोजतो हा समज त्यामुळे टिकत नाही. घरात गप्प बसलेल्या माणसाचा ताण बाकीच्यांच्या अंगावर कसा येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल.

मग जुन्या समाजाने काय केले? माझ्या समजुतीप्रमाणे त्याने भावनांना जागा आणि वेळ नेमून दिली. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकीची काळजी, हे सगळे ओवीत घालत असे, आणि ओवीतल्या सीतेच्या वनवासात स्वतःचा वनवास मिसळत असे. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. ज्ञानदेवांच्या समाधीचे वर्णन करणाऱ्या नामदेवांच्या अभंगांत तर निवृत्तिनाथांसकट सगळे संत शोकाने व्याकूळ झालेले दिसतात, आणि त्यांना कोणी दुबळे म्हटलेले नाही. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे आणि सोयरे कडू घास घेऊन जात. नवा माणूस दारात आला की रडण्याचा एक नवा उमाळा येई आणि तो येऊ दिला जाई. आता पिठाची गिरणी आली, बंद दारांचे फ्लॅट आले, दुखवटा रविवारच्या दोन तासांत बसवला जाऊ लागला आणि २०२०-२१ मध्ये तर तेवढेही राहिले नाही. साचे गेले आणि भावना मात्र तेवढ्याच राहिल्या. आपल्याला काय वाटते?

गोदातीर

धाग्याचा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रुग्ण गेल्यावर नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, पण त्यानंतरचा अर्धा तास आमचा असतो. नळ्या काढायच्या, चेहरा पुसायचा, केस नीट करायचे, चादर बदलायची, आणि मग त्यांना आत बोलवायचे. त्या वेळी माझे डोळे भरून आले, तर समोरची बाई स्वतःचे दुःख बाजूला ठेवून मला सावरायला लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, एका नवीन मुलीच्या बाबतीत. तो अर्धा तास त्या कुटुंबाचा आहे, माझा नाही. म्हणून मी संयमाला दडपण म्हणायला तयार नाही. काही वेळा दुसऱ्याच्या दुःखाला जागा करून देण्यासाठी स्वतःचे दुःख बाजूला ठेवावे लागते आणि त्यात मला माणुसकी दिसते.

पण याच कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ड्यूटी संपल्यावर आम्ही चहाला बसतो, तेव्हा सुट्ट्या, पगार, पोरांच्या परीक्षा असे सगळे विषय निघतात, आणि बेड रिकामा झाल्याचा विषय मात्र कोणी काढत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून घरच्यांचे शेवटचे बोलणे आम्ही ऐकवले आहे. त्याबद्दल आम्हाला कोणी कधी विचारले नाही, आणि आम्हीही एकमेकींना विचारले नाही. पाणवठा यांनी जागा नेमून देण्याविषयी जे लिहिले आहे, ते मला म्हणून पटते. कामाच्या वेळी आवरण्याचे शिक्षण आम्हाला मिळाले. ते आवरलेले नंतर कुठे ठेवायचे, हे कोणीही शिकवले नाही.

सातवीण

ओव्यांच्या बाबतीत माझा स्पष्ट विरोध नोंदवते. जात्यावरची ओवी सुंदर आहे, माझ्या आजीच्या कितीतरी ओव्या मला तोंडपाठ आहेत, आणि नेमके म्हणूनच ती व्यवस्था चांगली होती असे मी म्हणू शकत नाही. बाईला पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना, दगडाच्या घरघरीखाली बोलायची मुभा होती. उजाडल्यावर तीच बाई तेच वाक्य सासऱ्यासमोर उच्चारू शकत नव्हती. ज्याने ऐकायला हवे त्याच्या कानावर ते कधी जाऊ नये, अशी सोय त्या साच्यात होती. दुःख हलके झाले असेल, पण सासुरवास तसूभरही हलला नाही. रडण्याला परवानगी होती आणि रागावण्याला नव्हती, हा फरक मूळ लेखात आलेला नाही आणि माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच आहे.

बाईने राग उघड लिहिला की काय होते, हेही आपल्या इतिहासात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापले. त्यात आर्जव नाही, अश्रू नाहीत; थेट जाब विचारलेला आहे. तत्कालीन समाजाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, जोतीराव फुले यांच्यासारखे मोजके लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेले आपल्याला माहीत नाही. त्यामुळे 'योग्य जागी, योग्य रूपात बोला' हा सल्ला ऐकला की मी सावध होते. योग्य जागा आणि योग्य रूप ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा ज्यांच्याविरुद्ध बोलायचे असते, त्यांच्याच हातात असतो.

पाणवठा

सातवीण, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या मांडणीला मोठी मर्यादा घालतो. दुःखासाठी मी जे लिहिले ते अन्यायाच्या रागाला तसेच्या तसे लावता येणार नाही. शोक करणाऱ्याला जवळ बसणारा माणूस हवा असतो, तर अन्याय झालेल्याला समोरच्याकडून उत्तर हवे असते. बुशमन यांच्या प्रयोगातली पिशवीसुद्धा काही उत्तर देत नव्हती, आणि उत्तर न देणाऱ्या वस्तूवर राग काढला की तो कसा वाढतो, हे तिथे दिसतेच. तरीही एक गोष्ट मी सोडणार नाही. त्या एक लाख ओव्या नसत्या तर बाई केवळ गप्प राहिली असती, आणि तिला काय सोसावे लागले, याची साक्ष आज आपल्या हाती उरली नसती. ऐकणारा शंभर वर्षे उशिरा आला, हे दुःखद आहे. पण शब्द होते म्हणून तो येऊ शकला.

गोदातीर यांच्या चहाच्या टेबलाविषयी वाचून मला गीतेची आठवण झाली. आपण दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ संयमाचा आदर्श म्हणून सांगतो, परंतु त्याआधीचा संपूर्ण अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. हातातून धनुष्य गळते, अंग थरथरते, तोंड कोरडे पडते, हे तो एकेक करून सांगतो, आणि पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण 'हे जमलेले कौरव पाहा' यापलीकडे एक शब्द बोलत नाहीत. उपदेश पुढच्या अध्यायात येतो. आपण मात्र समोरचा माणूस पहिले वाक्य पुरे करण्याआधीच दुसरा अध्याय सुरू करतो.

कवडसा

मी कदाचित इथल्या सर्वांत लहान सदस्यांपैकी असेन. माझ्या पिढीवर प्रदर्शनाचा आरोप होतो, म्हणून लिहितो आहे. शहरात एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता कडू घास घेऊन येणारे शेजारी नसतात. तो इन्स्टाग्रामवर दोन ओळी लिहितो, त्यावर तीन माणसे 'फोन करू का?' असे विचारतात, आणि त्यांतला एक खरोखर करतो. लांबून पाहणाऱ्याला ते प्रदर्शन वाटेल, पण त्या रात्री त्याच्यासाठी तो एक फोन फार मोठा असतो.

मला उलट भीती वाटते ती सक्तीच्या मोकळेपणाची. आमच्या कार्यालयात दर सोमवारी मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने आज आपल्याला कसे वाटते आहे, ते एका शब्दात सांगायचे असते. ज्याच्या हातात आपले वार्षिक मूल्यमापन आहे, त्याच्यासमोर माणूस 'उत्साही' याखेरीज दुसरे काय सांगणार? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांविषयी लिहिताना दाखवून दिले होते की हसणे हा नोकरीचा भाग झाला की आपले खरे हसू कोणते, हेच पुढे त्या व्यक्तीला कळेनासे होते. आता हसण्याच्या जोडीला आपले मन उघडे करून दाखवणे हेही कामाच्या यादीत आले आहे. सातवीण यांनी सांगितलेली गोष्ट मला इथेही दिसते: जागा आणि रूप वरचा माणूस ठरवतो.

एक प्रतिसाद, नाव न देता

पुरुषांविषयी फारसे आलेले नाही म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक मृत्यूमागे कर्ज, आजार, घरगुती कलह अशी अनेक कारणे गुंतलेली असतात आणि सगळे काही न बोलण्यावर ढकलणे चुकीचे ठरेल. तरीही 'पुरुषासारखा पुरुष' हे वाक्य उच्चारण्याआधी हा आकडा आठवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या फोनमध्ये जपून ठेवा.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो. माझ्या मुलीच्या बालवर्गात भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे आणि सकाळी प्रत्येक मूल आपला चेहरा निवडते. इकडे आलेली माझी आई तिला पडल्यावर 'काही नाही झालं, उठ, मुंगी मेली' म्हणते. सुरुवातीला मला तक्ता योग्य आणि आई जुन्या वळणाची वाटत असे. पण 'मुंगी मेली' म्हणताना आईचा हात नातीच्या गुडघ्यावरून फिरत असतो, तिला मांडीवर घेतलेले असते, आणि ती मुलगी दोन मिनिटांत शांत होते. तक्त्याने तिला भावनेचे नाव दिले, आजीने स्पर्श दिला. माझ्या मुलीला दोन्ही मिळते आहे, याचे मला समाधान आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील पुण्यात गेले. विमानसेवा, चाचण्या, निर्बंध यांमुळे मला पोहोचता आले नाही. दहाव्याचे विधी मी मोबाईलवर पाहिले. पडद्यावर नातेवाइकांच्या वीस-पंचवीस चौकटी होत्या आणि गुरुजींच्या मंत्रांत व्यत्यय नको म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवले होते. माझी आत्या हुंदके देताना दिसत होती आणि आवाज मात्र येत नव्हता. मीही माझा माइक बंद असल्याची खात्री करून घेतली आणि मग रडलो. पुढे अनेक महिने लोक 'सावरलास का?' असे विचारत राहिले आणि मी 'हो' असेच सांगत राहिलो.

मला उपयोग झाला तो लिहिण्याचा. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेविषयी लिहिले होते. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना हे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून झाल्याबरोबर बरे वाटले नाही, उलट वाईट वाटले. परंतु पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र विचार करता हा परिणाम लहान आहे, हेही सांगायला हवे. मी वडिलांना पत्रे लिहिली. त्यात सुरुवातीला रुग्णालयाच्या बिलांचा हिशेब आणि कोण कसे वागले, एवढेच होते, पुढे पुढे त्यांच्या सायकलविषयी, त्यांनी मला शिकवलेल्या पाढ्यांविषयी लिहू लागलो. नंतर ती पत्रे मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. त्या वेळी आम्हा दोघांचेही माइक चालू होते.

गोदातीर

दूरदेशी, आपला प्रतिसाद वाचून मी आमच्या विभागातल्या दोघींना तो वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग त्यांतली एक त्या वर्षातल्या एका रुग्णाविषयी बोलू लागली. त्या रुग्णाचे नाव तिला अजून आठवत होते, आणि मलाही.

वाटसरू

मी नुसता वाचक आहे, पण एक व्यवहारातला प्रश्न विचारतो. माझ्या जुन्या मित्राची आई परवा गेली. तो फार कमी बोलणारा आहे. मी उद्या त्याच्याकडे जाणार आहे आणि काय बोलावे, हे मला कळत नाही.

सातवीण

काही तयार करून जाऊ नका. 'त्या सुटल्या', 'देवाची इच्छा', 'आता तूच सगळ्यांना धीर द्यायचास', ही तीन वाक्ये तेवढी टाळा. शेवटचे तर विशेषतः, कारण त्याने माणसाचे रडणेच काढून घेतले जाते. कसे झाले, कोणत्या दवाखान्यात झाले, हे खोदून विचारू नका. ते त्याला एव्हाना पन्नास जणांना सांगावे लागले असेल. त्याच्या आईची एखादी आठवण तुमच्यापाशी असेल तर ती सांगा, तिच्या हातचे काय खाल्ले होते, ती तुम्हाला काय म्हणून हाक मारत असे. तो काही बोलला नाही तरी उठायची घाई करू नका. डबा न्या. आणि तेरावा झाल्यावर, पाहुणे परतले की पुन्हा जा, कारण त्यानंतरच घर खायला उठते.

गोदातीर

यात एक भर घालते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर ती नोंद रुग्णालयच कळवते, घरी झाला असेल तर घरच्यांना करावी लागते. पुढे बँक, पेन्शन, रेशनकार्ड अशा प्रत्येक ठिकाणी दाखल्याच्या प्रती लागतात. न बोलणाऱ्या माणसाला 'काही लागले तर सांग' म्हटले तर तो कधीच सांगत नाही. दाखल्यासाठी मी बरोबर येतो, कधी जायचे, असे विचारा.

वाटसरू

दोघींचेही आभार. जाऊन आलो. डबा वहिनींनी घेतला. तो पहिला तासभर टीव्हीच्या बंद पडद्याकडे पाहत बसला होता, आणि मीही बसून राहिलो. दाखल्याचे विचारल्यावर मात्र लगेच म्हणाला, 'सोमवारी ये, साडेदहाला कार्यालय उघडते.' त्यानंतर जिन्यापर्यंत सोडायला आला आणि आईच्या पेन्शनचे कागद कुठे ठेवले आहेत ते सापडत नाहीत, ती सगळे तांदळाच्या डब्यामागे ठेवायची, तिथेही नाहीत, असे जिन्यात उभ्या उभ्या बराच वेळ सांगत राहिला. सोमवारची रजा टाकली आहे.